तालमीला खुराक कोण देणार? मुलांच्या कलाशिक्षणावरच्या सरकारी पैशाचं साधं गणित

सांस्कृतिक शिष्यवृत्तीची जाहिरात आली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, मुलगी कथक शिकते, काही मिळेल का?" "आमचा पखवाज वाजवतो. सोळावं लागलंय. बसेल का यात?" ओळखीतल्या मुलांचे अर्ज भरून द्यायचं काम माझ्याकडे कधी आलं ते आता आठवत नाही, पण त्यामुळे दोन प्रकारची माणसं भेटत राहतात. सरकार कलेसाठी मुलांना काही देतं हेच काहींना माहीत नसतं. काहींना ते माहीत असतं, आणि ते विचारतात, दवाखान्यात औषध नाही, शाळेला छप्पर नाही, मग गाण्या-नाचण्याला शिष्यवृत्त्या कशाला?

हा दुसरा प्रश्न रागाने येतो, पण तो रास्त आहे. करदात्याचा पैसा आहे, तो कुठे जातो हे विचारायलाच हवं. फक्त त्याआधी नेमका किती पैसा जातो, कोणाकडे जातो आणि त्यातून काय विकत घेतलं जातं, हे समोर ठेवलं पाहिजे.

क्लास वेगळा, तालीम वेगळी

आपल्याकडे लाखो मुलं गाणं, तबला, भरतनाट्यम शिकतात. शाळेनंतर आठवड्यातून दोनदा क्लास, वर्षाच्या शेवटी गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायऱ्या चढत जायच्या. हे फार चांगलं आहे. यातून कान तयार होतो, चांगला श्रोता तयार होतो. महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुणही मिळतात. पण या लेखात मी याविषयी बोलत नाही.

मी बोलते आहे ते तालमीविषयी. रोज काही तास, गुरूच्या समोर, वर्षानुवर्षं. एकच पलटा महिना महिना घोटायचा, चूक झाली की तिथल्या तिथे थांबवणारं कोणीतरी समोर हवं. क्लासमध्ये मूल गाणं शिकतं. तालमीत गळा, हात, पाय, नजर, सगळं शरीरच त्या कलेसाठी घडवलं जातं. आणि शरीर घडवायचं वय ठरलेलं असतं. पंचविसाव्या वर्षी उत्साह आला म्हणून कोणी कथकलीचे डोळे कमवू शकत नाही.

कोल्हापुरात 'तालीम' म्हटलं की लाल माती डोळ्यांसमोर येते. गाणाऱ्याने तोच शब्द ऐकला की त्याला तानपुरा दिसतो. शब्द एकच आहे, आणि ते उगीच नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आणलं आणि त्याच महाराजांच्या काळात, 1912 मध्ये, खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. दोन्ही तालमी एकाच खजिन्यातून पोसल्या गेल्या. पैलवानाला खुराक लागतो हे कोल्हापुरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दूध, तूप, बदाम, थंडाई. खुराक नसेल तर नुसत्या जोरबैठकांनी पोरगं पैलवान होत नाही, उलट आजारी पडतं.

मग गाणाऱ्या मुलाचा खुराक कोणता?

गाण्याचा खुराक म्हणजे वेळ

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. कलेच्या तालमीवरचा खर्च हा मुख्यतः वेळेचा खर्च असतो. वाद्य एकदा घेतलं की बरीच वर्षं चालतं. तबल्याची पुडी बदलावी लागते, घुंगरांची दोरी तुटते, हे किरकोळ. खरा खर्च तीन माणसांच्या वेळेचा.

पहिली व्यक्ती गुरू. एका वेळी वीस मुलांना शिकवणारा शिक्षक दरडोई कमी फी घेऊ शकतो. पण तालीम वीस जणांना एकदम देता येत नाही. एकाच मुलीचा षड्ज लागेपर्यंत अर्धा तास बसून राहणारा गुरू त्या अर्ध्या तासात दुसरं काही कमवत नसतो.

दुसरी व्यक्ती स्वतः मूल. रोज चार तास रियाज धरला तर दहा वर्षांत साडेचौदा हजार तास होतात. ते शाळेतून, ट्यूशनमधून, खेळातून, आणि अठरानंतर कमाईतून वजा होतात.

तिसऱ्या व्यक्तीचा हिशेब कोणीच धरत नाही. ती असते आई. कधी बाबा, पण बहुतेक वेळा आई. दर शनिवारी तालुक्याच्या गावाहून पुण्याला किंवा मुंबईला मुलीला घेऊन यायचं, गुरूंच्या दाराबाहेर तीन तास बसायचं आणि रात्रीच्या गाडीने परतायचं. शेतात मजुरीला जाणाऱ्या किंवा दुकान चालवणाऱ्या बाईला हा एक दिवस फुकट मिळत नाही. 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याने अशा काही घरांना जो हात दिला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. कलेशी संबंध नसलेली ती योजना तालमीच्या कामी आली, कारण तिने नेमकी ही न दिसणारी बाजू हलकी केली.

तेव्हा सरकारी पैशाकडे बघताना एकच कसोटी लावू या. या रुपयाने किती तास विकत मिळाले?

सरकार आज देतं काय?

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची एक स्वायत्त संस्था आहे, सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र. नाव लांबलचक आहे, सगळे 'सीसीआरटी' म्हणतात. 1979 मध्ये ती स्थापन झाली आणि 1982 पासून ती मुलांसाठी 'सांस्कृतिक प्रतिभा शोध' शिष्यवृत्ती चालवते. वय 10 ते 14. संगीत, नृत्य, नाट्य, चित्रकला, हस्तकला, लोककला, सगळं यात येतं. संपूर्ण देशात वर्षाला जास्तीत जास्त 650 मुलं. त्यांतल्या 125 जागा परंपरेने कला जपणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी, 100 आदिवासी कलांसाठी आणि 30 दिव्यांग मुलांसाठी राखीव असतात. निवड झाली की शिष्यवृत्ती दर दोन वर्षांनी नूतनीकरण होत पदवीपर्यंत किंवा विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते.

इथपर्यंत ऐकताना आईबापांचे चेहरे उजळतात. मग रक्कम येते. वर्षाला 3,600 रुपये, शिवाय गुरूला दिलेल्या फीची भरपाई वर्षाला 9,000 रुपयांपर्यंत.

आपली कसोटी लावू. नऊ हजार भागिले बारा म्हणजे महिन्याला साडेसातशे. आठवड्याला एकच तालीम धरली तरी एका बैठकीला दोनशे रुपयांच्या आत. उरलेले महिन्याचे तीनशे मुलाच्या आणि आईच्या वेळेसाठी. शहरातल्या प्रवासाचा खर्चसुद्धा त्यात निघत नाही.

पुढची पायरी 18 ते 25 वयाची. 'तरुण कलाकारांना शिष्यवृत्ती' या योजनेत देशभरातून 400 जणांना दोन वर्षं महिना 5,000 रुपये मिळतात. ही रक्कम सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत येते. अर्ज करताना गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. ही पाच वर्षांची अट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येणार आहे.

तिसरा मार्ग गुरू-शिष्य परंपरेसाठीच्या अनुदानाचा. यात पैसा एका मुलाला न देता गुरू आणि त्याच्या शिष्यांच्या संचाला मिळतो. गुरूला महिना 15,000, प्रौढ शिष्याला 10,000 आणि लहान शिष्यांना वयाप्रमाणे कमी.

चौथा मार्ग संस्था चालवण्याचा. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 पासून आहे, तिथे विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं. गोव्यात पणजीची कला अकादमी 1970 पासून. सरकारी वास्तू, पगारी शिक्षक, भारतीय संगीत, पाश्चात्त्य संगीत, नृत्य, नाट्य, सगळं एका छपराखाली. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे तर विद्यापीठाच्या चौकटीत गुरुकुल पद्धत बसवून दाखवली गेली.

हे मार्ग ध्यानात ठेवायला एक घरगुती उपमा देते. गावाकडचं मूल शहरात शिकायला आलं तर त्याच्या जेवणाची सोय तीन प्रकारे होते. त्याच्या हातात जेवणाचे पैसे द्यायचे, स्वतः वसतिगृह चालवायचं, किंवा ज्या घरी ते जेवतं त्या घराला शिधा पोचवायचा. शिष्यवृत्ती म्हणजे हातात दिलेले पैसे, संस्था म्हणजे वसतिगृह, आणि गुरू-शिष्य अनुदान म्हणजे शिधा. हातात दिलेले पैसे कमी असले तर मूल अर्धपोटी राहतं. वसतिगृह महाग पडतं, पण तिथे ताट भरलेलं असतं.

पंधरा ते अठरामधला खड्डा

फोनवरच्या त्या पखवाज वाजवणाऱ्या मुलाचं काय झालं? स्वतःच्या नावाने अर्ज करायचा तर तो कुठेच बसत नाही. लहान मुलांच्या योजनेत शिरायचं दार चौदाला बंद होतं, तरुणांच्या योजनेचं अठराला उघडतं. चौदाच्या आत निवड झालेल्या मुलांचं चालू राहतं, पण ज्याला पंधराव्या वर्षी आपली वाट सापडली त्याला थांबायला सांगितलं जातं. आणि अठराव्या वर्षी त्याला विचारलं जातं, मागची पाच वर्षं कुठे शिकलास?

हीच ती वर्षं, ज्यात आपल्या घरांत क्लास बंद होतात. "यंदा दहावी आहे" हे वाक्य ज्या घरात ऐकलं नाही असं मराठी घर मला माहीत नाही. दहावीला पेटी माळ्यावर जाते. पुढे बारावी आणि प्रवेशपरीक्षा, आणि पेटी माळ्यावरच राहते. पैशाच्या जोडीने इथे घराचा धीर सुटतो. त्या वेळी कोणी बाहेरून येऊन म्हणालं की तुमच्या मुलाच्या हातात काहीतरी आहे आणि पुढची चार वर्षं आम्ही भार उचलतो, तर कितीतरी घरांचा निर्णय वेगळा होईल.

मुलांच्या गाण्याबाबत आणखी एक गोष्ट. साधारण तेरा ते पंधराच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज फुटतो. गेल्या वर्षी तारसप्तकात सहज फिरणारा मुलगा यंदा मध्य सप्तकात अडखळतो. जाणते गुरू या काळात गळ्यावर ताण देत नाहीत, ताल, बंदिशी, ऐकणं यांवर भर देतात, आणि वाट बघतात. पण दहा ते चौदा या वयातच चाचणी द्यायची म्हटलं, की ज्याचा आवाज लवकर फुटला तो मुलगा नेमक्या वाईट काळात परीक्षकांसमोर उभा राहतो. नृत्याला लवकर सुरुवात लागते, तबल्यालाही. नाटकाचं उलट आहे. तिथे अनुभव लागतो, म्हणून राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवीधरांनाच घेतं. सगळ्या कलांना वयाची एकच फूटपट्टी लावणं म्हणजे आंबा आणि मेथी एकाच दिवशी काढायला जाणं.

"खरी प्रतिभा असेल तर ती वर येतेच"

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप, आणि त्याला दाखला नेहमी पंडित भीमसेन जोशींचा दिला जातो. अकरा वर्षांचा मुलगा 1933 मध्ये गुरूच्या शोधात घर सोडून निघाला, वणवण केली आणि भारतरत्न झाला. कुठे होती शिष्यवृत्ती?

ही गोष्ट खरी आहे, पण तिचा एक तुकडा सांगताना गळतो. त्या वणवणीत भीमसेन ग्वाल्हेरला पोचले आणि तिथे त्यांना माधव संगीत विद्यालयात शिकायला मिळालं. ते विद्यालय शिंदे संस्थानाचं होतं. राजाच्या खजिन्यातून चालणारी संगीतशाळा तिथे होती, म्हणून एका परक्या, खिसा रिकामा असलेल्या मुलाला दारात जागा मिळाली. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडची तालीम, तो गुरुगृहीचा काळ, तेही खरं. पण सरकारी पैशाशिवाय प्रतिभा वर येते याचा पुरावा म्हणून ही गोष्ट चालत नाही. ती उलट बाजूचा पुरावा आहे.

बडोद्याची गोष्ट तर मराठी माणसाने आवर्जून सांगावी अशी. महाराज सयाजीराव गायकवाडांनी 1886 मध्ये गायक मौलाबख्श यांच्या हाती गायनशाळा सुरू करून दिली. दरबारात गवई ठेवणं ही जुनी रीत. सामान्य घरातल्या मुलांना राज्याच्या खर्चाने संगीत शिकवणं ही नवी गोष्ट होती. तीच शाळा वाढत वाढत आज बडोद्याच्या विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्य विद्याशाखा झाली आहे.

दुसरी बाजूही बघा. गोव्यातल्या दोन मुली, केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, दोघी थोर. केसरबाईंच्या तालमीमागे धनिकाचं पाठबळ उभं होतं, म्हणून ती अखंड चालली. मोगूबाईंच्या तालमीत खंड पडत राहिले, गुरू दुरावले, हलाखी सोसावी लागली. त्या तरीही मोगूबाई झाल्या. आपल्याला त्यांचं नाव माहीत आहे ते त्या टिकल्या म्हणून. ज्या टिकल्या नाहीत त्यांची नावं कोणाला सांगता येतील? प्रतिभा वर येतेच असं आपण म्हणतो तेव्हा आपण फक्त वर आलेल्यांना मोजलेलं असतं.

"दवाखाने सोडून नाच-गाणं?"

आता मोठ्या आक्षेपाचं गणित. लहान मुलांच्या योजनेत दर वर्षी 650 मुलं येतात असं धरा. प्रत्येक मूल दहाव्या वर्षी आत येऊन विसाव्या वर्षापर्यंत टिकलं, म्हणजे दहा तुकड्या एकाच वेळी चालू. 6,500 मुलं. प्रत्येकाला वर्षाला पूर्ण 12,600 रुपये. बेरीज आठ कोटी एकोणीस लाख. हा जास्तीत जास्त आकडा झाला. देशाची लोकसंख्या 140 कोटी धरली तर माणशी वर्षाला सहा पैसेसुद्धा पडत नाहीत.

तरुणांच्या योजनेत 400 जण, वर्षाला 60,000, दोन तुकड्या. चार कोटी ऐंशी लाख. म्हणजे माणशी साडेतीन पैसे.

हे दहा पैसे वाचवून दवाखान्यातलं औषध येणार नाही. औषध नसण्याची कारणं वेगळी आहेत आणि त्यांवर भांडलंच पाहिजे, पण ते भांडण या 6,500 मुलांशी नाही.

खेळाशी तुलना केली तर चित्र जास्त स्पष्ट होतं. 'खेलो इंडिया'त निवडलेल्या खेळाडूमागे सरकार वर्षाला 6 लाख 28 हजार रुपये खर्च करतं. त्यांतले महिन्याला 10,000 रुपये खेळाडूच्या हातखर्चाचे, बाकी प्रशिक्षण, राहणं, आहार, साहित्य, स्पर्धा. म्हणजे खेळाच्या बाबतीत सरकारला खुराक ही कल्पना पुरेपूर कळलेली आहे. खेळाडूंचा एक रुपयाही कमी व्हावा असं मला वाटत नाही. पण चौदा वर्षांची धावपटू आणि चौदा वर्षांची नर्तिका यांच्या शरीराचे कष्ट, दुखापती, पहाटेचं उठणं सारखंच असताना एकीमागे वर्षाला सव्वासहा लाख आणि दुसरीमागे साडेबारा हजार, म्हणजे जवळजवळ पन्नासपट फरक. हा फरक कोणी बसून विचार करून ठरवला असेल असं मला वाटत नाही. तो पडत गेला, आणि कोणी विचारलं नाही.

"पण मिळतं ते शहरातल्याच मुलांना"

या आक्षेपापुढे मी मान डोलावते. निवड काही मिनिटांच्या सादरीकरणावर होते. ज्या मुलीने आधी दहा स्पर्धा केल्या आहेत, जिच्या गुरूंना परीक्षक काय बघतात ते माहीत आहे, जिच्या घरी चांगला तानपुरा आहे, ती त्या काही मिनिटांत उजवी दिसते. अर्ज ऑनलाइन, प्रमाणपत्रं, फोटो, सह्या. यात घरात शिकलेलं माणूस असणं हीच अर्धी निवड असते.

लोककलांना तर हे कागदच बसत नाहीत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतार शिकणारा मुलगा कोणाला फी देत नाही, त्यामुळे त्याच्याकडे पावती नाही. तो जत्रांच्या दिवसांत मंडळाबरोबर गावोगाव फिरतो, रात्रभर जागतो आणि विंगेतून बघून शिकतो. संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचायचे असतात. हे शिक्षण कोणत्या संस्थेत झालं, असं अर्जात विचारलं की काय लिहायचं? तमाशाच्या फडातल्या मुलांचं आणखी अवघड. दसऱ्याला फड बाहेर पडला की महिनोन्महिने गाव बदलत राहतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी नारायणगावात राहुट्या लागतात, यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. त्या राहुटीत ढोलकीवर पाचव्या वर्षी बसलेलं पोरगं तालाच्या बाबतीत कोणत्याही विशारदाला भारी असतं. पण त्याची शाळाच तुटत असते. अशा मुलाला महिन्याच्या तीनशे रुपयांपेक्षा शाळा सांभाळणारं वसतिगृह आणि सुट्टीत फडावर जायची मुभा हवी.

राखीव 125 जागा याच घरांसाठी आहेत आणि पारंपरिक कलाकुटुंबातल्या मुलांना शाळेची अट सैल ठेवलेली आहे, ही योजनेतली समंजस गोष्ट. पण जागा ठेवणं आणि त्या जागेपर्यंत मुलाला पोचवणं यांत एका माणसाचं काम शिल्लक राहतं, जो राहुटीत जाऊन अर्ज भरून घेईल. जिल्ह्याजिल्ह्यात असा एक जण नेमला तर रक्कम न वाढवताही फरक पडेल.

"सरकारी पैसा आला की सरकारी गाणं येतं"

ही भीती खोटी नाही. जो खुराक देतो त्याला डाव सांगायचीही इच्छा होते. राजेरजवाड्यांच्या काळातही गवयाला धन्याची मर्जी सांभाळावी लागे. म्हणून पैसा सरकारचा पण निवड त्या कलेतल्या जाणकारांची, ही रीत स्वतंत्र भारताने अकादम्या काढताना स्वीकारली. ती पाळली जाते का, यावर लक्ष ठेवणं आपलं काम.

मात्र शिकाऊ मुलांच्या बाबतीत मला ही भीती कमी वाटते. बारा वर्षांच्या मुलाला भूप शिकण्यासाठी दिलेल्या पैशात मत लादायला फारशी जागा नसते. खरा त्रास उशिराचा असतो. सहा महिन्यांनी येणारा हप्ता आठ महिन्यांनी आला तर बाविशीतला मुलगा त्या दोन महिन्यांत लग्नाच्या वाद्यवृंदात जाऊन बसतो. त्या कामात कमीपणा काही नाही, पण तालीम तिथे सुटते.

"कंपन्या देतील की"

काही देतात, आणि उत्तम देतात. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी 1977 पासून आहे. गुरू आवारात राहतात, शिष्य तिथेच राहून शिकतात, आणि आपले पंडित उल्हास कशाळकर 1993 मध्ये तिथे गुरू म्हणून गेले. तासांची कसोटी लावली तर ही संस्था बऱ्याच सरकारी योजनांच्या पुढे जाईल. कंपनी कायद्यातही सामाजिक खर्चाच्या यादीत कला आणि संस्कृती आहे. पण त्या यादीतून काय निवडायचं हे कंपनीच्या हातात असतं. ज्या कलेला मंच आणि नाव आहे तिला पैसा मिळणं सोपं. दशावतारातल्या नवख्या पोराकडे कंपनीची नजर जाणं अवघड.

ताट भरून वाढणारी दोन उदाहरणं

केरळमध्ये चेरुतुरुत्ती गावी भारतप्पुळा नदीजवळ केरळ कलामंडलम आहे. कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांनी 1930 मध्ये ती सुरू करण्यात पुढाकार घेतला, पुढे ती सरकारच्या आधाराने वाढली, आज ती अभिमत विद्यापीठ आहे. तिथे आठवीपासून मुलं येतात. पहाटे अंधारात उठून नजरेचे व्यायाम, पावसाळ्यात तेल लावून अंग मळून घेणं, मग कथकलीचे पदन्यास, आणि दिवसा नेहमीची शाळा. दहावी आणि तालीम एकाच आवारात असल्यामुळे तिथल्या घरांना दोन्हींतलं एक निवडावं लागत नाही. कथकलीच्या वर्गात मुलींना प्रवेश मिळायला मात्र 2021 उजाडलं.

ब्रिटनमध्ये सरकार वेगळ्या रीतीने देतं. मँचेस्टरची चेटम्स ही संगीतशाळा किंवा लंडनची रॉयल बॅले स्कूल अशा मोजक्या शाळांत निवड फक्त कलेवर होते आणि फीचा किती भाग पालकांनी भरायचा हे त्यांच्या उत्पन्नावर ठरतं. कमी कमावणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही, जास्त कमावणाऱ्याला बराच. जानेवारी 2025 पासून तिथे खाजगी शाळांच्या फीवर 20 टक्के कर लागला, तेव्हा या मुलांचं काय, असा प्रश्न लगेच उभा राहिला. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे उत्पन्नाप्रमाणे बदलणारी मदत. आपल्याकडे मलबार हिलवरच्या मुलाला आणि मेळघाटातल्या मुलाला फीची भरपाई देताना कमाल मर्यादा तीच नऊ हजारांची.

शिकून पुढे काय?

निवडलेल्या 650 पैकी सगळे मोठे कलाकार होणार नाहीत. बहुतेक होणार नाहीत. पण आमराई लावताना शेतकरी सगळी कलमं जगतील असं धरत नाही, आणि पहिली चार-पाच वर्षं फळ नाही म्हणून पाणीही तोडत नाही. जी मुलं मंचावर पोचत नाहीत ती गावात शिकवतात, साथ करतात, वाद्यं लावतात, नाट्यगृहाचा आवाज सांभाळतात. उद्याच्या गुरूचा अर्धा तास त्यांच्यातूनच येतो.

महाराष्ट्र सरकार वृद्ध साहित्यिक-कलावंतांना महिना 5,000 रुपये मानधन देतं. ते द्यायलाच हवं. उतारवयात हात पसरायला लागू नये एवढं तरी. पण त्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याचा नातू पंधरा वर्षांचा असतो, आणि त्या वयात शिरायला त्याच्यासाठी यातली एकही शिष्यवृत्ती नसते. आजोबांच्या हातातली विद्या त्याच चार वर्षांत नातवाकडे जाऊ शकते.

पखवाजवाल्या मुलाच्या आईला मी सांगितलं, अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल, पण हात थांबवू नका. त्याची तालीम तेराव्या वर्षी सुरू झालेली आहे, म्हणजे अठराला पाच वर्षं भरतात. गुरुजींकडून आजच एका कागदावर सुरुवातीची तारीख आणि सही घ्या, दर वर्षी त्यावर पुन्हा सही घ्या. देवळात साथ केली त्याच्या पत्रिका जपून ठेवा. त्या म्हणाल्या, "यंदा अकरावीचे क्लास लावले आहेत, सकाळचा रियाज बसत नाही." मी विचारलं, संध्याकाळी? तर संध्याकाळी तो वडिलांबरोबर दुकानात बसतो. आम्ही दोघींनी फोनवरच त्याच्या दिवसातले तास मोजायला घेतले.